माळवद कुणी पाडलं?

शनिवार, १ एप्रिल १९३३

विरुपाक्ष विम्याचा कागद देऊन गेला. घराचा विमा, आगीचा. हा माझ्या भावाचा मुलगा. मॅट्रिकला दोनदा घसरला आणि आता पुण्याच्या एका कंपनीचा एजंट झालाय. पोराला पहिलं गिऱ्हाईक कोण देणार? आत्याच.

गोजरबाईनं अख्ख्या गल्लीत दवंडी दिली. "अगं, विमा गिरणीला काढत्यात. चन्नम्माआक्काच्या घरात काय हाय, कडक भाकरीची चळत?"

मी म्हटलं, "गिरणी जळली तर मालक दुसरी बांधतो. माझं घर जळलं तर मी दुसरं कुठून बांधू? मग विमा कुणाला पायजे, तूच सांग."

ती पदर झटकून निघाली. पण पलीकडे शेजारच्या गोठ्यातून आवाज आलाच. "सोन्या, लोकं आता घर पेटायची वाट बघत बसनार बग."

सोन्या म्हणजे नागप्पाच्या जोडीतला एक बैल. नागप्पा स्टेशनावरून गिरण्यांकडे कापसाच्या गाठी वाहतो. आठ वर्षांमागे माझ्या मातीच्या माळवदाची पन्हाळ त्याच्या कडब्यावर गळते म्हणून भांडण झालं. पन्हाळ फिरव म्हणाला, मी नाही म्हटलं. तेव्हा त्यानं सिद्धेश्वराच्या तळ्यात पाय बुडवून शपथ घेतली की चन्नम्माच्या उंबऱ्याला पाय लावणार नाही. तेव्हापासून आमचं बोलणं बंद. त्याला जे ऐकवायचं ते तो बैलाला सांगतो, मला जे ऐकवायचं ते मी जात्याला.

मी जात्याला म्हटलं, "ज्याच्या तोंडात बरं येत नाही, त्याच्या गोठ्यात माशा फार."

मंगळवार, ११ एप्रिल

अंगावरची राख अजून धुतली नाही. तरी लिहिते.

दुपारी गिरणीच्या फाटकावर कामगारांना भाकऱ्या देऊन परत येत होते. गल्लीच्या तोंडालाच धूर दिसला. माझ्याच घरातून. मागच्या खोलीत जळणासाठी पऱ्हाट्या रचल्या होत्या. चैत्रातला वारा, चुलीतली एखादी ठिणगी उडाली असणार. दाराला कुलूप, किल्ली माझ्या कमरेला.

मी धावत पोचले तर नागप्पा माझ्या माळवदावर! डोक्याला फडकं, हातात टिकाव, आणि दाणादाण खणतोय. सगळी गल्ली ओरडतेय. मी कुलूप काढलं आणि तेवढ्यात माळवद आत बसलं. आवाज असा झाला की गल्लीतली कबुतरं उडाली. धुरळा उठला, मग धूर बारीक झाला, मग बंद.

सगळी माती आगीवर पडली. मागची खोली उघडी आभाळाखाली आली, मागच्या भिंतीचा माथाही ढासळला. पुढची खोली, देवघर, जातं, धान्याची कणगी, सगळं शाबूत.

त्यानंतर नगरपालिकेचा बंब घंटा वाजवत आला. वरातीमागून घोडं. गल्लीत शिरताच येईना त्याला.

नागप्पा माळवदावरनंच आपल्या घरी उतरला. माझ्याकडे बघितलंही नाही.

माझं माळवद पाडलं मेल्यानं. मनात आठ वर्षं जे होतं ते आज साधून घेतलं की काय?

गुरुवार, १३ एप्रिल

विरुपाक्षनं कंपनीला तार केली. म्हणतो, "आत्या, साहेब येऊन बघीपर्यंत कशाला हात लावू नको."

पुढच्या खोलीत झोपते. मागच्या दाराला गोणपाट लावलंय. आभाळ घरात आलंय, दुसरं काही नाही.

नागप्पा आज गाडी हाकताना कासरा मनगटाला गुंडाळून हाकत होता. दोन्ही तळव्यांना चिंध्या. मला काय त्याचं. कोरफडीचं पान चिरून मधल्या भिंतीवर वाळत ठेवलं होतं, ते कुणी नेलं कुणास ठाऊक. मांजरानं नेलं असेल.

सोमवार, १७ एप्रिल

शिवशरण आला, कुर्डुवाडीहून, रजा काढून. माझा एकुलता एक. रेल्वेच्या कारखान्यात फिटर आहे. पडक्या खोलीत उभा राहिला आणि डोळे पुसले. मग लगेच सुरू झाला.

"अव्वा, पुरे झालं आता. घर विक आणि माझ्याकडं चल. क्वार्टर हाय, नळ हाय. सूनबाई करील, तू बसून खा."

"बसून खायला मी काय दसऱ्याचा रेडा हाय?"

"मिरगाच्या आत छप्पर झालं न्हाय तर राहशील कुटं?"

"छपराखालीच. कंपनी देईल की. त्यासाठीच तर पैसे भरले."

"आणि नाय दिले तर?"

त्यानंच ठरवलं : मृगापर्यंत माळवद उभं राहिलं नाही तर मी कुर्डुवाडीला जायचं आणि घर विकायचं. मी हो म्हटलं. हो म्हणावंच लागलं, पोटचं पोर हात जोडून उभं होतं. पण मनात म्हटलं, बघूच.

निघताना म्हणाला, "खरं सांगू का, अव्वा? त्या नागप्पाशी भांडायला मिळतं म्हणून तुला हे घर सुटत न्हाय."

काय बोलतं पोरगं! वाफेच्या भट्टीजवळ राहून डोकं तापलंय त्याचं.

शनिवार, २२ एप्रिल

कंपनीचे साहेब आले. बेहेरे नाव, पुण्याचे. गोरे, नाकावर चष्मा, चपला उंबऱ्याबाहेर काढून आत आले. माणूस वाईट नाही. चहा दिला तर बशीत ओतून प्यायले.

मी विचारलं, "साहेब, एकदा मला नीट सांगा, हा विमा कशाकशाला लागतो?"

"आग आणि वीज, आजी."

"पावसानं भिंत खचली तर?"

"नाही."

"वाळवीनं तुळई खाल्ली तर?"

"नाही."

"चोर शिरला, दंगा झाला, जुनं घर आपसूक बसलं?"

"नाही, नाही, नाही."

"म्हणजे तुमी छत्री दिली, पण पावसात उघडायची न्हाय."

विरुपाक्ष खाली मान घालून हसला. साहेबही हसले. मग टेप काढून जळलेलं दार मोजलं, पोटमाळ्याच्या फळ्या मोजल्या, ढिगाऱ्यात काठी खुपसली. आणि म्हणाले, "हे सगळं जळालं, मान्य. पण माळवद जळालेलं नाही. पाडलेलं आहे. कुणी पाडलं?"

गल्लीतल्या दहा बोटांनी गोठ्याकडे दाखवलं.

नागप्पा बैलाला चारत होता. साहेब कुंपणापाशी गेले. "घर तुम्ही पाडलंत?"

नागप्पा बैलाकडे वळून म्हणाला, "सोन्या, सांग साहेबाला, पाडलं म्हनून."

"दार फोडून पाणी का नाही मारलं?"

"सोन्या, सांग की. दारानं जायाचं तर उंबरा वलांडावा लागतो. त्या बाईच्या उंबऱ्याला पाय लावायची मला सिद्धेश्वराची शपथ हाय."

"म्हणजे तुमचं वैर आहे?"

"सोन्या, आठ सालाचं हाय म्हनावं. पक्कं."

मला वाटलं, आत्ता जाऊन याच्या तोंडात चारा कोंबावा. साहेबांनी सगळं लिहून घेतलं. जाताना मला हळूच म्हणाले, "आजी, हे वैर नसतं तर काम सोपं होतं."

बुधवार, २६ एप्रिल

गोजरबाई मुद्दाम दोन लिंबं घेऊन आली. म्हणाली, "आक्का, आता त्याला सोडू नको. कंपनीनं दिलं न्हाय तर कोर्टात खेच. बैलं इकाय लाव."

मी भाकरी थापत राहिले. तिला वाटलं मी ऐकतेय. ऐकतच होते.

मंगळवार, ९ मे

कंपनीचं पत्र आलं, इंग्रजीत. विरुपाक्षनं बसून मराठीत सांगितलं. तात्पर्य असं : दार, पोटमाळा आणि जळालेलं सामान याची भरपाई देऊ. माळवद आणि मागची भिंत आगीनं गेली नाही, जुन्या वैरातून शेजाऱ्यानं पाडली असं दिसतं. तरी कंपनी मोठ्या मनानं तीही भरून देईल. एकच अट, सोबतच्या कागदावर सही करायची, की शेजाऱ्यानं द्वेषानं माळवद पाडलं आणि त्याच्याकडून वसुली करायचा माझा हक्क मी कंपनीला देते.

"म्हणजे?"

"म्हणजे तुला सगळं मिळालं, आत्या. मग कंपनी नागप्पावर दावा करील."

"आणि तो कुठून देईल?"

विरुपाक्षनं खांदे उडवले. "गाडी हाय, बैलं हायती."

"आणि नागप्पा?"

"आत्या, तुझं काय जातंय? तू त्याच्याशी बोलतबी न्हाईस."

कागद जात्याखाली ठेवला.

बुधवार, १० मे

खरं लिहिते, कारण इथं खोटं लिहून कुणाला फसवायचं? काल कागद हातात आला तेव्हा आधी गोडच वाटलं. आठ वर्षं माझं ऐकून घेतलं नाही त्यानं. रोज सकाळी मी दार उघडलं की भिंतीपलीकडून मुद्दाम खाकरतो. एखाद्या दिवशी मला उशीर झाला तर पुन्हा पुन्हा खाकरतो, दार उघडेपर्यंत, इतका खट्याळ. दरसाल मिरगाआधी स्वतःच्या माळवदावरचं गवत काढतो आणि माझ्याही काढतो, म्हणजे माझा आळस लोकांना दिसावा. अशा माणसाची बैलं गेली तर गेली.

मग मन म्हणतं, चन्नम्मा, पण त्यानं माळवद पाडलं ते कशासाठी?

द्वेषानं असेल तर सही करायला काय हरकत आहे?

शुक्रवार, १२ मे

शिडी लावून वर चढले. या वयात! गोजरबाई खालून ओरडत होती, "पडशील आक्का, पडण्याचा विमा न्हाय तुझा!"

वरून सगळं दिसलं. माळवदाला पडलेलं भोक वेडंवाकडं नाही. पऱ्हाट्यांचा ढीग होता बरोबर त्याच्या वर खणलंय. देवघराच्या बाजूला टिकाव लागलेला नाही. कणगीच्या बाजूलाही नाही. द्वेष असता तर माणसानं देवघरावरच नसता का घातला घाव?

तुळयाही बघितल्या. काळ्या पडल्यात, पण टिचकी मारली तर खणखणीत वाजतात. आणखी थोडा वेळ आग राहिली असती तर कोळसा झाला असता. आणि खाली पाणी मारत बसले असते तर एवढं पाणी होतं कुठं? चैत्रात आमच्या आडात बादली तळाला घासते. माती मात्र हातभर जाड, माळवदावर कायमची. पाण्याचा बंब पालिकेचा; मातीचा बंब आमच्या प्रत्येकाच्या डोक्यावर आहे. हे पुण्याच्या माणसाला कसं कळावं? तिकडं कौलं.

खणताना त्याच्या पायाखालचं माळवद कधीही बसलं असतं. त्याच्यासकट. कडेला त्याचं जळकं फडकं सापडलं, डोक्याला होतं ते. धुऊन ठेवलंय. परत कसं द्यायचं ते बघू.

रविवार, १४ मे

विरुपाक्ष कागद न्यायला आला. मी दौत-टाक मागितला. त्याचा चेहरा खुलला.

मी सहीच्या जागी लिहिलं. आधी मनात जुळवून ठेवलं होतं. "आग लागली म्हणून विझवावी लागली. विझवली म्हणून माळवद पडलं. आग नसती तर नागप्पानं टिकाव उचलला नसता. म्हणून माळवदही आगीतच गेलं. विझवणाऱ्यावर मी फिर्याद करणार नाही. वैर आहे ते पन्हाळीचं, आणि ते आमचं आम्ही बघू. त्यात कंपनीनं पडू नये. चन्नम्मा." माझ्या मोठ्या मोठ्या अक्षरांत. शिवशरणच्या पाटीवरून उचललेली अक्षरं ही, वळण नाही, पण ताठ उभी राहतात.

विरुपाक्ष कपाळाला हात लावून बसला. "आत्या, फुकटचं मिळत होतं. उद्या छप्पर न्हाय झालं तर?"

"न्हाय तर न्हाय. माझ्या डोक्यावर छप्पर यायला दुसऱ्याचा गोठा ओस पडत असेल तर मी उघड्यावर झोपीन. चांदण्या फुकट हायत्या."

"कंपनी ऐकायची न्हाय."

"न ऐकू दे. पत्र दर आठवड्याला जाईल. पोस्टाचं तिकीट काय बैलापेक्षा म्हाग न्हाय."

गल्लीभर बातमी गेली. गोजरबाई दारातूनच बोलली, "आक्का, नाकापेक्षा मोती जड झाला की गं तुला."

मी म्हटलं, "मोती माझा, नाक माझं. तू शेंबूड पूस."

संध्याकाळी गोठ्यातून काही आवाज नाही. बैलालाही काही सांगितलं नाही त्यानं. बरं नसेल का?

गुरुवार, १ जून

कंपनीचं उत्तर आलं. दार आणि पोटमाळ्याचे पैसे दिले. माळवदाचे आणि भिंतीचे "विचाराधीन". बेहेरे साहेबांनी खाली हातानं दोन ओळी लिहिल्यात, मराठीत. आपलं म्हणणं वरच्या साहेबांपुढे मांडलं आहे, पत्रं थांबवू नयेत. थांबवतंय कोण?

शिवशरण आला. बांधाबांध करायला आला होता, ट्रंक घेऊन. "अव्वा, ठरलं होतं ना?"

"ठरलं होतं. मिरगाच्या आत माळवद उभं राहिलं न्हाय तर. मिरीग आला का?"

"आठवड्यावर आलाय. आणि पैसे कुटं हायत?"

"तुळया हायत. माती हाय. तीच माती, पडलीय ती. चाळून वर चढवायची. दाराच्या पैशात तुळयांवर टाकायचं किलचं येईल. उरलं काय, हात. तुला दोन हायत की न्हाय?"

शिवशरणनं ट्रंक उघडून त्यातला कामाचा जुना सदरा काढला. आणलाच होता म्हणजे.

रविवार, ४ जून

अंग मोडून आलंय, पण आज लिहिल्याशिवाय झोप नाही.

सकाळी आम्ही दोघं ढिगारा चाळायला बसलो. जरा वेळानं गोजरबाई टोपली घेऊन आली, तोंडानं बडबडत, पण आली. मग तिच्या दोघी सुना. मग पलीकडचे धोंडप्पा सुतार, मोजायच्या गजासकट. तुळया जागेवर होत्या, त्यांवर किलच्याच्या काटक्या टाकल्या, वर तरवडाचा पाला. खालून टोपल्या जाऊ लागल्या, पण वर माती दाबायला माणूस हवा होता.

बघते तर वर नागप्पा. त्याच्या माळवदावरून माझ्या माळवदावर. पाठीवर ताज्या पांढऱ्या मातीचं गोणपाट. गल्लीच्या तोंडाशी गाडी उभी, गाडीत आणखी माती. तळव्यांवर चट्टे अजून लाल. त्यानं धुम्मस घेतलं आणि माती ठोकायला सुरुवात केली. शिवशरणनं एकदा माझ्याकडे बघून तोंड फिरवलं, हसू लपवत.

दुपारपर्यंत सगळं भरत आलं. मधे एक भोक राहिलं होतं, हातभर. धोंडप्पा म्हणाला, "आक्का, बुजवू का?"

मी म्हटलं, "राहू दे. झरोका ठेव. धूर जायला पायजे."

"पुढच्या खोलीत हाय की झरोका."

"दोन ठेवले तर काय बिघडलं? माझं घर हाय."

आणि पन्हाळही फिरवायला सांगितली, माझ्या अंगणाकडे. भिंतीचा माथा नवीनच घालायचा आहे तर आत्ताच फिरवलेली बरी. त्यात दुसरं काही नाही.

जेवायच्या वेळी सगळे अंगणात बसले. नागप्पा वरच. अंगणात यायचं तर माझ्या दारातून यावं लागलं असतं, आणि शपथ आहे. मीही सांगितलं नाही ये म्हणून. सिद्धेश्वराची शपथ माणसानं मोडू नये.

टोपलीत दोन कडक भाकऱ्या, शेंगाची चटणी, आणि धुतलेलं फडकं ठेवलं. मागच्या खोलीत झरोक्याखाली शिडी लावून शिवशरणला म्हटलं, "वर दे." त्यानं झरोक्यातून वर सरकवली. वरून हात आला, टोपली गेली.

मी तिथंच खाली उभी. भाकरी मोडल्याचा आवाज ऐकू आला. मग वरून, मोठ्यानं : "सोन्या, चटणी लई तिखट केलीय रं."

सोन्या तर खाली गाडीला, पार गल्लीच्या तोंडाशी. त्याला काय ऐकू जाणार?

मी मान वर करून म्हटलं, "तिखट लागतंय तर पाणी मागावं की, नागप्पा. तांब्या देऊ का?"

जात्याला सांगायचं मी विसरूनच गेले होते.

मग झरोक्यातून तोच चट्ट्यांचा हात खाली आला, पालथा नव्हे, उताणा.

तांब्या दिला.

शिवशरण उद्या सकाळच्या गाडीनं कुर्डुवाडीला जातोय. ट्रंक रिकामीच नेतोय. मी कंपनीला नवं पत्र लिहायला घेतलंय, माळवदाच्या भरपाईचं. बांधून झालं म्हणून हक्क संपत नाही. पत्र पुरं झालं की झोपते. झरोक्यातून आभाळ दिसतंय, तेवढंच, एका टोपलीएवढं.